कोष्टक पाठ आहे, पण ऑपेरॉन कळत नाही

पत्र: मी एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. लॅक ऑपेरॉनचं ग्लुकोज आणि लॅक्टोजचं चार ओळींचं कोष्टक मला झोपेतून उठवलं तरी सांगता येतं. पण तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "लॅक प्रमोटरच्या जागी लॅक-यूव्ही-५ घातला तर ग्लुकोजचा परिणाम काय होईल?" आणि मी गप्प झाले. प्रॅक्टिकलला लॅक्टोज न घातलेल्या नळीतही फिकट पिवळा रंग आला, तर "तुमची चूक झाली" म्हणून ते वाचन खोडायला लावलं. सिग्मा, सीएपी, पीपीजीपीपी सगळं वेगवेगळं पाठ करते, पण एकमेकांशी काही जुळत नाही. पुढच्या सत्रात सेमिनार आहे. याच प्रकरणातला विषय घेऊ की सोडून देऊ?
— एक विद्यार्थिनी, सोलापूर जिल्हा

उत्तर:

प्रिय विद्यार्थिनी,

आधी त्या पिवळ्या नळीबद्दल. पत्रात तू ती एका ओळीत उरकलीस, पण मला सगळ्यात मोलाची तीच वाटली.

लॅक्टोज न घालता आलेला फिकट पिवळा रंग ही चूक असेलच असं नाही. उलट तो अजिबात आला नसता, तर मी तुला आधी विचारलं असतं की स्ट्रेन कुठला वापरला. नीट बघ. लॅक ऑपेरॉन म्हणजे लॅक्टोज वापरायला लागणाऱ्या जनुकांचा एकत्र चालू-बंद होणारा गट. लॅक्टोज पेशीत शिरायला परमिएज हे प्रथिन लागतं, आणि परमिएज याच ऑपेरॉनमधल्या लॅक-वाय जनुकावरून बनतं. आत आल्यावरही, ऑपेरॉन बंद ठेवणाऱ्या रिप्रेसर प्रथिनाला ऑपरेटर या डीएनएवरच्या त्याच्या जागेवरून उठवतं ते लॅक्टोज नव्हे, ॲलोलॅक्टोज. लॅक्टोजचं ॲलोलॅक्टोज कोण करतं? बीटा-गॅलॅक्टोसिडेज, म्हणजे लॅक-झेडचं प्रथिन; तुझ्या नळीत पिवळा रंग आणतं ते हेच. ऑपेरॉन शंभर टक्के बंद असता, तर तो उघडायला लागणारी ही दोन्ही प्रथिनं पेशीत नसती आणि जिवाणू दुधात बसूनही उपाशी राहिला असता. थोडी गळती असल्याशिवाय ही व्यवस्था सुरूच होऊ शकत नाही.

गळती येते कुठून, तेही आता माहीत आहे. लॅक रिप्रेसर चार उपघटकांचा असतो आणि पेशीत असे जेमतेम दहाच्या आसपास असतात. एक रिप्रेसर एकाच वेळी दोन ऑपरेटर धरतो आणि मधल्या डीएनएचा फास होतो. २००८ साली हार्वर्डमधल्या सनी शी यांच्या गटाने ई. कोलाय या जिवाणूच्या जिवंत पेशींमध्ये परमिएजचे रेणू चमकते करून मोजले. रिप्रेसर एका ऑपरेटरवरून सुटला आणि दुसऱ्यावर टिकून राहिला, तर थोडंसंच प्रथिन बनतं आणि तो पुन्हा जागेवर बसतो. दोन्हीकडून पूर्ण सुटला, तर मोठा लोंढा येतो आणि ती पेशी लॅक्टोज खाणारी होऊन जाते. तुझ्या नळीतला फिकट रंग हा अशा बारीकसारीक सुटण्यांचा एकत्र परिणाम असू शकतो.

"असू शकतो" म्हणते, कारण ते सिद्ध करायला नियंत्रण नळ्या लागतात. एक नळी पेशींशिवाय ठेव, नुसतं बफर आणि ओएनपीजी, म्हणजे बीटा-गॅलॅक्टोसिडेजने फुटला की पिवळा रंग देणारा पदार्थ. ओएनपीजी आपोआप फुटून रंग येत असेल तर तिथे दिसेल. दुसरी नळी लॅक-झेड नसलेल्या स्ट्रेनची, उदाहरणार्थ प्लाझ्मिड नसलेला डीएच-५-अल्फा. तो बहुतेक प्रयोगशाळांच्या फ्रीजरमध्ये असतोच. सोडियम कार्बोनेट घालून अभिक्रिया थांबवल्यावर ४२० नॅनोमीटरला वाचन घेताना पेशींच्या गढूळपणामुळेही आकडा फुगतो. म्हणून मिलर एककांच्या, म्हणजे या एन्झाइमची क्रिया मोजायच्या एककांच्या, सूत्रात ५५० नॅनोमीटरचं वाचन १.७५ ने गुणून वजा करतात. ही वजाबाकी झाली होती का, ते वहीत तपास. एवढं करूनही लॅक्टोजविना असलेली तुझी नळी डीएच-५-अल्फाच्या नळीपेक्षा पिवळी असेल, तर ते वाचन खरं आहे. मग वाद न घालता, तिन्ही नळ्यांचे आकडे घेऊन प्रॅक्टिकल घेणाऱ्या शिक्षकांकडे जा आणि पुन्हा नोंदवू द्याल का विचार. खोडलेलं वाचन पुसून टाकू नकोस. त्यावर एक आडवी रेघ मारून शेजारी तारीख लिही.

आता मूळ दुखण्याकडे येते. कोष्टक तुला सांगतं की ऑपेरॉन चालू की बंद, जणू दिव्याचं बटण. पण आरएनए बनायला सुरुवात होणं ही एक घटना नाही. पहिल्या पायरीवर आरएनए पॉलिमरेज हे आरएनए बनवणारं एन्झाइम प्रमोटर, म्हणजे सुरुवातीच्या जागेची डीएनएवरची खूण, ओळखून त्यावर बसतं. डीएनएचे दोन्ही धागे अजून जुळलेलेच असतात. दुसऱ्या पायरीवर सुरुवातीच्या जागेभोवती बारा-चौदा बेसजोड्या उलगडतात आणि एक धागा एन्झाइमच्या गाभ्यात उतरतो. तिसऱ्या पायरीवर आरएनएचे पहिले काही न्यूक्लिओटाइड जोडले जातात आणि पॉलिमरेजला प्रमोटर सोडून पुढे निघावं लागतं. जिवाणूला जनुक आवरायचं असो की वाढवायचं, तो यांपैकी कुठल्या तरी पायरीवर हात घालतो. माझा सल्ला एवढाच आहे: या प्रकरणात कुठलंही नवं नाव भेटलं की आधी विचार, हे कोणत्या पायरीवर काम करतं? ते कळलं की कोष्टक तुझं तुला मांडता येतं, आणि न पाहिलेल्या प्रश्नालाही उत्तर देता येतं.

सिग्मापासून सुरू करू. पॉलिमरेजच्या गाभ्यात पाच उपघटक असतात: दोन अल्फा, बीटा, बीटा-प्राइम आणि ओमेगा. हा गाभा आरएनए बनवू शकतो, पण कुठून सुरू करायचं ते त्याला कळत नाही. हे ज्या प्रकारे लक्षात आलं, ते मला फार आवडतं. १९६०च्या दशकाच्या अखेरीस रिचर्ड बर्जेस हार्वर्डमध्ये हे एन्झाइम शुद्ध करत होते. फॉस्फोसेल्युलोजच्या कॉलममधून काढलेलं एन्झाइम वासराच्या थायमसच्या डीएनएवर झकास चालायचं, पण टी-४ या विषाणूच्या अखंड डीएनएवर जवळजवळ ठप्प व्हायचं. कॉलममध्ये काहीतरी मागे राहत होतं. ते काहीतरी म्हणजे सिग्मा. १९६९ साली ते प्रसिद्ध झालं. थायमसच्या डीएनएला ठिकठिकाणी चिरा असतात, तिथे गाभा कुठूनही सुरुवात करतो. अखंड डीएनएवर मात्र प्रमोटर ओळखणारा हवा. म्हणजे सिग्माचं काम पहिल्या पायरीवर आहेच, पण तिथेच संपत नाही. सुरुवातीच्या जागेच्या दहाएक बेसजोड्या अलीकडे, म्हणजे उणे १० च्या पट्ट्यातला, एक ए बेस दुहेरी धाग्यातून बाहेर वळतो आणि सिग्माच्या एका खोबणीत जाऊन बसतो. उलगडायला तिथूनच सुरुवात होते. दुसरी पायरीही त्याचीच.

ई. कोलायकडे सात सिग्मा आहेत. रोजच्या कामाचा सिग्मा-७०, उष्णतेचा धक्का बसला की सिग्मा-३२, उपासमारीत सिग्मा-३८, वगैरे. सगळ्यांची यादी करत बसू नकोस. पण सिग्मा-५४ लक्षात ठेव, कारण त्याची तऱ्हा वेगळी आहे. तो पॉलिमरेजला प्रमोटरवर बसवतो आणि मग सगळं तिथेच अडून राहतं. दूर बसलेलं एनटीआरसीसारखं प्रथिन एटीपी खर्चून जोर लावतं, तेव्हाच धागे उलगडतात. पहिली पायरी पूर्ण, दुसरी कुलूपबंद. हा फरक ज्याला सांगता येतो त्याला प्रकरण कळलं आहे, असं मी परीक्षक म्हणून समजते.

आता आलेख कागद घे. एक मिलिमीटर म्हणजे एक बेसजोडी. सुरुवातीची जागा अधिक १. तिच्या डावीकडे उणे १. मध्ये शून्य नसतो, इथे निम्मा वर्ग चुकतो. उणे १० जवळ आदर्श अक्षरं टी-ए-टी-ए-ए-टी, १९७५ साली डेव्हिड प्रिब्नो यांनी दाखवून दिलेली. उणे ३५ जवळ टी-टी-जी-ए-सी-ए. दोहोंमधलं आदर्श अंतर १७. आता या आदर्शाखाली लॅक प्रमोटरची खरी अक्षरं लिही: उणे ३५ ला टी-टी-टी-ए-सी-ए, उणे १० ला टी-ए-टी-जी-टी-टी, आणि मधलं अंतर १८. बघ किती ठिकाणी बिघडलं आहे ते. लॅक प्रमोटर मुळातच दुबळा आहे, आणि म्हणूनच त्याला मदतनीस लागतो.

हा मदतनीस म्हणजे सीएपी हे प्रथिन. सीएएमपी (ग्लुकोज संपत आलं की पेशीत वाढणारा छोटा रेणू) जोडलेलं सीएपी उणे ६१.५ ला केंद्र धरून बसतं. पॉलिमरेजच्या अल्फा उपघटकाचं एक टोक लवचीक दुव्याने लोंबत असतं, ते सीएपीला येऊन भिडतं आणि पॉलिमरेजला जागेवर टिकवतं. पहिली पायरी. सीएपीची जागा डीएनएच्या एका पूर्ण वेटोळ्याने, म्हणजे दहा-अकरा बेसजोड्यांनी, मागे सरकवली तरी ते काम करतं. अर्ध्या वेटोळ्याने सरकवली तर ते डीएनएच्या उलट्या बाजूला जातं आणि निरुपयोगी होतं. हे तुझ्या कागदाची सुरळी करून बघ, लगेच पटेल.

त्याच कागदावर ऑपरेटर मांड. ओ-१ चं केंद्र अधिक ११ वर, पॉलिमरेज जिथे बसतं त्याच्या आतच. ओ-३ उणे ८२ वर, सीएपीच्या जागेला जवळजवळ टेकून. ओ-२ मात्र ओ-१ पासून ४०१ बेसजोड्या पुढे, लॅक-झेड जनुकाच्या आत. त्यासाठी तुला चाळीस सेंटिमीटर कागद जोडावा लागेल. तो जोडच, कारण पाठ्यपुस्तकातल्या चित्रात ओ-२ आणि ओ-३ बहुधा नसतातच. ओ-२ किंवा ओ-३ एकटा घालवला तर दमन, म्हणजे रिप्रेसरची अडवणूक, दोन-तीन पटींनीच घटतं, पण दोन्ही घालवले तर पन्नास पटींहून जास्त. फास का महत्त्वाचा, ते या आकड्यांत आहे.

आता त्या सरांच्या प्रश्नाकडे. लॅक-यूव्ही-५ हा लॅक प्रमोटरचाच बदललेला प्रकार, त्यात उणे १० चे दोन बेस बदललेले आहेत: टी-ए-टी-जी-टी-टी चं टी-ए-टी-ए-ए-टी झालं आहे, म्हणजे आदर्श. कागदावर हे दोन बेस खोडून बदल आणि विचार कर. पॉलिमरेजला आता सीएपीचा आधार फारसा लागत नाही, म्हणून सीएएमपीच्या वाटेने होणारा ग्लुकोजचा परिणाम बराचसा जातो. ऑपरेटर जागेवरच आहेत, म्हणून रिप्रेसरचा ताबा कायम आहे. उत्तर एवढं लिहिलंस तरी चांगले गुण मिळतील. पण उलट विचारायला हवं: पेशींना लॅक्टोज दिलंय की आयपीटीजी, म्हणजे लॅक्टोजऐवजी रिप्रेसर उठवायला वापरतात ते रसायन? कारण ग्लुकोजला दुसरीही वाट आहे. ग्लुकोज आत ओढून घेताना पेशीतल्या ईआयआयए या प्रथिनाचा फॉस्फेट निघून जातो आणि ते परमिएजला चिकटून लॅक्टोजची वाट अडवतं. लॅक्टोज आतच आलं नाही तर यूव्ही-५ असून काय उपयोग? आयपीटीजी परमिएजशिवायही आत शिरू शकतं, म्हणून तिथे ही अडवणूक चालत नाही.

इथे तुझ्या कोष्टकाबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण ती बहुतेक वर्गांत सांगितली जात नाही याचं मला वाईट वाटतं. ग्लुकोज आणि लॅक्टोज एकत्र दिलं की ई. कोलाय आधी ग्लुकोज संपवतो, थोडा थबकतो आणि मग लॅक्टोजकडे वळतो. जाक मोनो यांनी १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये मांडलेलं हे निरीक्षण. कोष्टक म्हणतं, ग्लुकोज असताना सीएएमपी कमी म्हणून लॅक्टोज थांबलं. १९९६ साली हिरोजी आइबा यांच्या जपानमधल्या गटाने प्रत्यक्ष मोजलं, तर ग्लुकोजवर वाढताना आणि नंतर लॅक्टोजवर वाढताना सीएएमपीची पातळी सारखीच निघाली. रिप्रेसरचं जनुक बिघडवलं किंवा आयपीटीजी घातलं की ग्लुकोजचा हा अटकाव नाहीसा झाला. म्हणजे या प्रसंगात खरा अडसर परमिएजवरचा आहे, सीएपीवरचा नाही. सीएपी खोटं ठरत नाही. ते नसेल तर लॅक प्रमोटर धड चालतच नाही. पण "ग्लुकोज आहे म्हणून सीएपी नाही म्हणून लॅक्टोज नाही" ही साखळी एवढी सरळ नाही. परीक्षेत कोष्टक विचारलं तर कोष्टक लिही, आणि खाली ही दोन वाक्यं जोड.

पीपीजीपीपी हा उपासमारीचा इशारा देणारा छोटा रेणू तुला सुटा वाटतो, कारण तो लॅकच्या चित्रात बसत नाही. त्याला दुसऱ्या पायरीवर बसव. रायबोसोमल आरएनएचे प्रमोटर जबरदस्त असतात, पण त्यांच्यावर उलगडलेला डीएनए फार काळ उलगडलेला राहत नाही, पटकन मिटतो. अमिनो आम्लं संपली की पीपीजीपीपी साठतं, डीकेएसए या प्रथिनासोबत पॉलिमरेजला चिकटतं आणि ही मुळातच डळमळीत अवस्था आणखी डळमळीत करतं. ज्या प्रमोटरवर ती अवस्था स्थिर असते, त्यांना या मार्गाने फारसं काही होत नाही. एकच रेणू पेशीभर फिरतो, पण फटका कुणाला बसायचा ते प्रमोटरच्या स्वभावावर ठरतं. एमईआर-आर हे प्रथिनही दुसऱ्या पायरीचंच, आणि फार देखणं. पाऱ्याचा प्रतिकार करणाऱ्या जनुकांच्या प्रमोटरमध्ये उणे ३५ आणि उणे १० मधलं अंतर १७ ऐवजी १९ असतं, त्यामुळे दोन्ही खुणा एकमेकींच्या रेषेत येत नाहीत. एमईआर-आर तिथे आधीपासून बसलेलं असतं. पारा चिकटला की ते डीएनएला असा पीळ देतं की दोन्ही खुणा पॉलिमरेजला सोयीच्या दिशेला येतात.

तिसऱ्या पायरीवर पॉलिमरेज पुढे न सरकता डीएनए स्वतःकडे ओढून घेतं, त्याचा ताण साठतो, आणि बऱ्याचदा ते दोन ते दहा न्यूक्लिओटाइडचे आरएनए टाकून देऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतं. २००६ साली रिचर्ड एब्राइट आणि सहकाऱ्यांनी एकेका रेणूवर हे दाखवलं. प्रमोटर आदर्शाच्या फार जवळ असेल तर पॉलिमरेजची पकड इतकी घट्ट बसते की सुटणंच अवघड होतं. सगळेच प्रमोटर आदर्श का नाहीत, याचं एक कारण इथे आहे.

ही पायरी केवळ पुस्तकी वाटू नये म्हणून क्षयाचं औषध घे. रिफॅम्पिसिन जिवाणूच्या पॉलिमरेजच्या बीटा उपघटकावर बसतं, अगदी आरएनए बाहेर पडायच्या वाटेत. प्रमोटर ओळखला जातो, डीएनए उलगडतो, दोन-तीन न्यूक्लिओटाइड जोडले जातात आणि पुढे वाट बंद. जे पॉलिमरेज आधीच लांब आरएनए बनवत पुढे गेलं आहे, त्याला ते अडवत नाही. आपल्याकडे सरकारी रुग्णालयात सीबीनॅट चाचणी होते किंवा गोव्यातल्या कंपनीची ट्रूनॅट वापरतात. "रिफॅम्पिसिनला प्रतिकार आहे का" हे त्या ज्या जागेवरून सांगतात, ती बीटा उपघटकाच्या आरपीओ-बी जनुकातली जागा. सीबीनॅट त्यातल्या ८१ बेसजोड्यांचा तुकडा तपासते. प्रतिकार देणारे बहुतेक बदल तेवढ्यातच असतात.

माध्यमाबद्दल तू एकच वाक्य लिहिलंस, पण ते तुला सलतंय हे कळलं. आलेख कागदावरचं सगळं मराठीत लिही, मराठीत स्वतःला समजावून सांग, आणि शेवटी उत्तर इंग्रजीत लिहायचा सराव कर. तोंडी परीक्षेत तू गप्प झालीस ती इंग्रजीमुळे नाही. दोन बेस बदलल्यावर काय होतं हे तुला कधी कुणी काढून बघायला लावलं नव्हतं, म्हणून.

सेमिनार याच प्रकरणातला घे. लॅक घेऊ नकोस, सगळे तेच घेतात. साल्मोनेला या जिवाणूतला सिग्मा-२८ आणि एफएलजी-एम घे. जिवाणूला शेपटी बांधायची असते. आधी मुळाचा भाग आणि आकडा (हुक, म्हणजे शेपटीचा वाकडा सांधा), मग फ्लॅजेलिनचा लांब धागा. धाग्याची जनुकं सिग्मा-२८ शिवाय सुरू होत नाहीत, आणि सिग्मा-२८ ला एफएलजी-एम हे प्रथिन धरून ठेवतं, म्हणजे पहिल्या पायरीच्याही आधी अडवणूक. आकडा पूर्ण झाला की त्याच पोकळ रचनेतून एफएलजी-एम पेशीबाहेर टाकलं जातं आणि सिग्मा मोकळा होतो. केली ह्यूज आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली हे प्रसिद्ध केलं. पहिल्या स्लाइडवर व्याख्या टाकू नकोस. दोनच निरीक्षणं ठेव: साध्या साल्मोनेलाच्या द्रव माध्यमात एफएलजी-एम बाहेर सापडतं; आकडा अर्धवट राहिलेल्या उत्परिवर्ती साल्मोनेलात ते आतच अडकतं आणि फ्लॅजेलिनचं जनुक गप्प राहतं. मग वर्गाला विचार, जनुकाला कसं कळलं की बाहेर आकडा पूर्ण झाला?